वाढीव पगार कुणाच्या खिशात?

जास्त पगाराची ऑफर आली की आपल्यात आधी अभिनंदन होतं आणि हिशेब मागाहून. मला हा क्रम उलटा हवा आहे. नव्या गावात राहायला जागा काय भावाने मिळते ते कळल्याशिवाय पगाराचा आकडा वाचण्यात काही हशील नाही. आणि जिथे पगार मोठे तिथेच जागा महाग, हा काही योगायोग नाही. चांगला पगार देणाऱ्या कंपन्या येतात, माणसं गोळा होतात, जमीन मात्र होती तेवढीच राहते. मग वाढलेल्या पगारातला मोठा वाटा सातबारा किंवा डीड ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे सरकतो. डेव्हिड रिकार्डोने हे १८१७ साली शेताच्या खंडाबद्दल मांडलं. हेन्री जॉर्जने सॅन फ्रान्सिस्कोत बसून १८७९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आज त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास कितीतरी मराठी कुटुंबं दर महिन्याला त्या ग्रंथाची वर्गणी भरताहेत.

लिहायला निमित्त झालं ते गावाकडच्या एका फोनचं. माझं गाव लोणी देवकर, तालुका इंदापूर. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे लागतं. पूर्वी गाव सांगताना उजनीच्या पाण्याचा हवाला द्यावा लागायचा. आता इंदापूरची एमआयडीसीच लोणीत आहे, त्यामुळे ट्रकवाल्यांनाही गाव ठाऊक झालंय. पुतण्या आयटीआय फिटर, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. हातात २२ हजार येतात. चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं, त्याचा फोटो त्याने व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "नाना, जाऊ का?"

पत्रावर वर्षाला ४ लाख ६० हजार. पण तो आकडा सीटीसीचा. त्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलेला, पाच वर्षं टिकलं तर मिळायची ग्रॅच्युइटी धरलेली, कँटीन धरलेलं, बससुद्धा धरलेली. ते सगळं वजा केल्यावर हातात महिन्याला ३२ हजार. म्हणजे वाढ १० हजारांची. आम्ही फोनवरच हिशेब मांडला. लोणीत तो पेट्रोलला दीड हजार घालतो, आईच्या हातात किराण्याला ५ हजार देतो. ज्वारी, गहू, दूध घरचं. उरतात साडेपंधरा. चाकणला तिघांत खोली घेतली तर भाड्याचे ३ हजार, मेसचे साडेतीन, चहा-नाश्त्याचे दीड, गाडीच्या पेट्रोलचा हजार, महिन्यातून दोनदा एसटीने गावी येण्याचा हजार, आणि आईचे ५ हजार तसेच. उरतात १७. पत्रावरच्या १० हजारांचे खिशात दीड हजार झाले.

हा झाला सड्या माणसाचा हिशेब. लग्न झालं की खोली तिघांची राहत नाही. वन बीएचकेचं भाडं धरा ९ हजार, मग गॅस, लाइट, दूध, किराणा, सगळं विकतचं. आज ना उद्या फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, म्हणजे महिन्याला २६ हजारांचा हप्ता. हातात येणार ३२.

पोराला हे कळत नव्हतं असं नाही. त्याची अडचण वेगळी होती. आमच्याकडे स्थळ बघायला येणारी मंडळी शेत किती हे हल्ली नंतर विचारतात. पहिला प्रश्न, "मुलगा पुण्यात असतो का?" आणि दुसरा, "तिकडं फ्लॅट आहे का?" फ्लॅटवर कर्ज किती हे कुणीच विचारत नाही. लोणीत बापजाद्यांचं चार खोल्यांचं घर आहे, दारात विहीर आहे, याला बायोडेटात मोल नाही. चाकणला बँकेच्या नावावरचा वन बीएचके असला की मुलगा सेटल. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात चांगली नोकरी सोडून पोरं पुण्याकडे जातात त्यात पगाराइतकाच या प्रश्नाचा हात आहे. मुलीकडच्यांनाही मी दोष देत नाही. सासरी शेतातलं काम, पाहुणेरावळे आणि सासूचा जाच यांतून सुटायचा त्यांना दिसणारा तोच एक मार्ग आहे.

राहण्याचा खर्च गावागणिक बदलतो हे सरकारला मात्र फार आधी कळलंय. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने घरभाडे भत्ता ठरवताना शहरांचे तीन वर्ग केले आणि मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर दिले. महागाई भत्ता वाढला तसे पुढे ते ३०, २० आणि १० झाले. पुणे वरच्या वर्गात, इंदापूर खालच्या. गंमत अशी की त्याच सरकारचा प्राप्तिकर कायदा घरभाड्याची सूट देताना कित्येक वर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई एवढ्यांनाच पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा देत आला. पुणे इतकी वर्षं ४० टक्क्यांत होतं, लोणीच्या पंक्तीला. खाजगी कंपन्यांच्या पत्रात तर एचआरएची ओळ कर वाचवण्यापुरती असते. खोलीचं भाडं आणि ती ओळ यांची कधी गाठ पडत नाही.

आता इकडे अमेरिकेत, आपल्याकडे वळू. मी ओहायोतल्या कोलंबसला राहतो. इथे बे एरियाच्या ऑफर येतात, त्याही अशाच व्हॉट्सॲपवर फिरतात. धरा, इथे १ लाख २० हजार डॉलर आहेत आणि सॅन होजेत १ लाख ८० हजार मिळताहेत. वरच्या ६० हजारांतून केंद्राचा कर, कॅलिफोर्नियाचा कर, सोशल सिक्युरिटी गेल्यावर महिन्याला तीन हजारांच्या आसपास हाती लागतात. दोन बेडरूमच्या भाड्यात अठराशे-दोन हजारांचा फरक पडतो. म्हणजे भाड्याने राहिलात तर तुम्ही हजारभराने पुढेच आहात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपण मराठी माणसं भाड्याने किती वर्षं राहतो? पोरगं किंडरगार्टनला गेलं की शाळांची रेटिंग बघून घर शोधायला लागतो. २०२४च्या दुसऱ्या तिमाहीत सॅन होजे परिसरातल्या घराची मधली किंमत २० लाख डॉलरच्या वर गेली; अमेरिकेतल्या कोणत्याही महानगरात हे पहिल्यांदा झालं. कोलंबसला तेव्हा ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. २० टक्के आधी भरून बाकीचं ७ टक्क्यांनी ३० वर्षांचं कर्ज काढलं तर तिकडचा हप्ता १० हजार ६००च्या पुढे, इकडचा १ हजार ९००च्या आत. फरक पावणेनऊ हजारांचा, आणि वाढीतून हाती आलेत तीन. कॅलिफोर्नियाची हवा चांगली आहे, मान्य. ओहायोच्या फेब्रुवारीत मी ते दोनदा मान्य करतो.

तिथे आधी गेलेल्यांचा सल्ला याच कारणाने जपून घ्यावा. १९७८च्या प्रपोझिशन १३ने कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला आणि कराच्या मोजणीतली घराची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू नये असं ठरवलं. घर विकलं गेलं की नव्या किमतीपासून मोजणी सुरू. त्यामुळे १९९५ साली घर घेतलेले काका आणि गेल्या वर्षी शेजारी आलेलं जोडपं, तसंच घर, तोच रस्ता, पण कराची बिलं दोन तऱ्हेची. काका जेव्हा म्हणतात "येऊन जा रे, सगळं जमतं", तेव्हा त्यांचं खरंच जमलेलं असतं. ते जमिनीच्या बाजूला आहेत, तुम्ही पगाराच्या.

इथवरचा हिशेब कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन करील. माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आपली माणसं गेली तेव्हा त्यांनी जागेचं गणित एका वेगळ्याच रीतीने सोडवलं होतं. बायकापोरं गावी, स्वतः गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, पाळीपाळीने त्याच जागेवर झोपायचं, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. (त्या खानावळवाल्यांसाठी प्रेमाताई पुरवांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.) कुटुंबं तुटली, बायकांनी एकटीने संसार ओढले, त्या पद्धतीचं कौतुक मला करायचं नाही. पण १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या घरातले कामगार महिनोन्महिने पगाराशिवाय राहिले. ते कशाच्या जोरावर? अनेकजण गावी परतले. तिथे चूल होती, डोक्यावर छप्पर होतं, पडेल ते रानातलं काम होतं. संप फसला हे खरं. तरी मालकाला इतके दिवस "नाही" म्हणण्याची ताकद त्यांच्यात आली ती गावच्या बिनभाड्याच्या घरातून.

महागडं घर पहिल्यांदा हीच ताकद काढून घेतं. २६ हजारांचा हप्ता असलेला फिटर सुपरवायझरने सक्तीचा ओव्हरटाइम लावला तर तोंड उघडत नाही. आपल्याकडे एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात महिना साडेदहा हजारांचा हप्ता, डे-केअर आणि दोन गाड्या अंगावर असलेला इंजिनिअर समोर येईल ती नोकरी, देतील त्या पगारात घेतो. ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्यांना तर बहुतेक वेळा नवी कंपनी म्हणजे लेबर सर्टिफिकेशनपासून पुन्हा सुरुवात. बढती, प्रकल्प, बॉसचा स्वभाव, सगळ्यांत मान तुकवावी लागते. ऑफर लेटरमध्ये या परावलंबनाची किंमत कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती आपण धरत नाही.

याच्या विरुद्ध बाजूला एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. लोणीतला कारखाना उद्या बंद पडला तर पुतण्याने जायचं कुठे? बारामतीत पियाजिओ आहे, फेरेरो आहे, भारत फोर्ज आहे. पण चाकणला एका फाटकातून बाहेर पडलं की समोर दुसरं फाटक असतं, तसं लोणी-बारामतीत नाही. शिवाय हातातली विद्या मोठ्या कारखान्यात जास्त लवकर वाढते. जुन्या लेथवर पाच वर्षं काढलेल्याला आणि सीएनसीवर दोन वर्षं काढलेल्याला बाजारात एक भाव येत नाही. सॅन होजेचंही तेच. म्हणून मी पुतण्याला जाऊ नको म्हणालो नाही. म्हणालो, नवं मशीन हातात देणार असतील तर जा, तिघांत खोली घे, तीन वर्षं शीक आणि त्या तीन वर्षांत फ्लॅटचं नावही काढू नकोस. नुसत्या १० हजारांसाठी जात असशील तर राहा. त्याने विचारलं, "मग स्थळाचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, वहिनीने फोन घेतला आणि विषय पावसावर गेला.

आता आपल्या मंडळींना थोडं झोंबेल असं. लोणीत राहून नोकरी करायची म्हटलं तर ज्याचं स्वतःचं घर नाही त्याने राहायचं कुठे? उद्योगाला जमीन एमआयडीसी देते, तीही ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्या उद्योगात राबायला बीड-धाराशिवहून, बिहारमधून आलेल्या माणसाला मात्र खोलीसाठी खुल्या बाजारात सोडून दिलंय. आणि त्या बाजारात आपण आहोत. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तरच. म्हणून आपला सगळा डॉलर रस्त्याकडेच्या एनए प्लॉटवर उतरतो. नेमका तोच प्लॉट घर बांधण्याजोगा असतो. आपण तो घेतो, चार सिमेंटचे खांब रोवून तार मारतो, आणि "भाव चढू दे" म्हणून दहा-पंधरा वर्षं बाभळी वाढू देतो. बे एरियातल्या भाड्याबद्दल मराठी मंडळाच्या पिकनिकला तावातावाने बोलणारा माणूस गावात हुबेहूब त्याच घरमालकाचं काम करत असतो, तेही घर न बांधता. त्या बाभळीमुळे शेजारच्या गुंठ्याचा भाव चढतो, खोलीचं भाडं चढतं आणि लोणीतल्या २२ हजारांची किंमत आणखी घसरते. मग आपणच फोनवर सल्ला देतो, "अरे, गावात काय ठेवलंय, पुण्याला जा."

मंडळाचा हा अंक वाचणाऱ्यांत इंदापूर, बारामती, दौंडकडचे पुष्कळजण आहेत, प्लॉट असलेलेही आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच: या डिसेंबरात गावी जाल तेव्हा त्या प्लॉटवर संडास-पाण्याची सोय असलेल्या चार-सहा खोल्या बांधायला किती लागतात ते गवंड्याला विचारा, बांधा आणि एमआयडीसीतल्या कामगारांना रीतसर करार करून भाड्याने द्या. बांधायचं नसेल तर तिथे राहणाऱ्याला विकून टाका. घेणारा शोधायला मी मदत करीन; माझा नंबर मंडळाच्या कार्यालयात आहे.