थांबवता येणारं काम

आमच्या पिढीतल्या बायकांची कपाटं उघडून बघा. वरच्या कप्प्यात, जुन्या साड्यांच्या मागे, एक पिशवी बहुतेक सापडतेच. आत लोकरीचे गुंडे, दोन सुया आणि सुयांवर अडकलेलं अर्धंमुर्धं काहीतरी. कुणाची पाठ झालेली असते, कुणाची एक बाही. "होईल कधीतरी पुरं" म्हणत म्हणत त्या पिशवीने दोन-तीन घरं बदललेली असतात. घरातली मंडळी त्यावर विनोद करतात आणि "आरंभशूर" हा शब्द तर ठरलेलाच असतो.

मला हा शब्द मान्य नाही.

विणकामाचा एक गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ते कुठल्याही क्षणी थांबवता येतं. गॅसवरचं दूध थांबत नाही. शाळेची घंटा थांबत नाही, तपासायच्या वह्या थांबत नाहीत, आजारी माणसाच्या औषधाची वेळ थांबत नाही. सुईवरचे टाके मात्र थांबतात. हातातली ओळ पुरी करायची, सुया गुंड्यात खुपसायच्या आणि उठायचं. दहा मिनिटांनी या नाहीतर दहा वर्षांनी, टाके आहेत तिथेच असतात. म्हणूनच घरात काही नवं निघालं की पहिली गदा विणकामावर. जे थांबू शकत होतं तेच आम्ही थांबवलं. ह्याला आळस कसं म्हणायचं?

माझ्या पिशवीचंच सांगते. १९८८ सालच्या दिवाळीनंतर ह्यांच्यासाठी स्वेटर घातला होता. गडद तपकिरी रंग, चाळीसची छाती. आमच्या नाशिकला डिसेंबर-जानेवारीत स्वेटर मिरवायला नाही, खरोखर लागतो. पाठ पुरी झाली, पुढचा भाग बगलेपर्यंत आला, आणि सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढची चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. मग मुलीची दहावी, मग माझ्याकडे शाळेच्या परीक्षांचं काम. हे दर थंडीत बाजारचा स्वेटर घालत राहिले आणि २०१५ साली गेले. पिशवी तशीच राहिली.

२०२४ च्या पावसाळ्यात ती मी काढली, तेव्हा मला दोन सल्ले मिळाले. पहिला हल्लीच्या पद्धतीचा. घरात पसारा नको, मन रमत नसेल ते काढून टाका. दुसरा माझ्या लेकीचा. "आई, सुयांसकट तसंच ठेव. बाबांची आठवण आहे." दोघांचंही मला पटलं नाही. चांगली लोकर कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. आणि अपुऱ्या कपड्याची आठवण कसली करायची? तो ह्यांनी एक दिवससुद्धा घातला नव्हता! अमेरिकेत २०२२ पासून 'लूज एंड्स' नावाचा एक उपक्रम चालतो. गेलेल्या किंवा आजारपणामुळे हात थांबलेल्या माणसाचं अपुरं विणकाम, भरतकाम स्वयंसेवक पुरं करतात आणि घरच्यांना परत देतात. ते वाचून मला बरं वाटलं. म्हणजे तिथेही लोकांना ती वस्तू पुरी झालेलीच हवी असते.

पण पुरं करायचं म्हणजे जुन्या आराखड्याबरहुकूमच करायचं असं थोडंच आहे? डांबराच्या गोळ्यांमुळे असेल, पण लोकरीला कसर लागलेली नव्हती. अडचण दोन गोष्टींची होती. एक म्हणजे हात. तेव्हा १० नंबरच्या सुईवर माझे इंचात सात टाके बसत. आता बोटांचे सांधे ऐकत नाहीत, वीण सैल पडते, त्याच सुईवर सहाच बसले. मग १२ नंबरची सुई घेतली. (आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.) तिच्यावर पुन्हा सात बसले. दुसरी अडचण रंगाची. लोकरीच्या लेबलावर शेडचा नंबर असतो तसा लॉटचाही असतो. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंगात फरक पडतो. छत्तीस वर्षांपूर्वीचा लॉट कुठून आणायचा? म्हणून बाह्या आणि पट्टी मोरपंखी केली.

आणि पुढचा भाग उसवला. सगळा. त्याचे दोन भाग करून मधे बटणपट्टी घेतली. कारण हा स्वेटर मी माझ्यासाठी केला.

लेक म्हणाली, "अगं, पण तो बाबांचा ना?" मी म्हटलं, पाठ आहे तशीच ठेवली आहे, त्यांच्या मापाची. बाकीचा माझा.

१९६२ च्या चीन युद्धात देशभर बायका-मुली जवानांसाठी विणत होत्या. मी तेव्हा सातवीत होते. बाईंनी आम्हाला मफलर घालून दिले आणि सुई पहिल्यांदा हातात आली. त्यानंतर सासरे, दीर, भाचे, मुलगी, शेजारपाजारचे बाळंतविडे... मोजदाद नाही. स्वतःसाठी मात्र एकही नाही. कुणी मनाई केली होती असं नाही, पण तशी पद्धतच नव्हती. आपल्यासाठी विणत बसलेली बाई मी तरी आमच्या वाड्यात पाहिली नाही. चाळीसची छाती मला ढगळ होते, पण पदर आत मावतो. सकाळी सहाला फिरायला जाताना तोच घालते.

आता माझं मत. ज्यांच्याकडे अशी पिशवी असेल त्यांनी ती एकदा बाहेर काढावी आणि विचारावं, हे आज कुणाच्या अंगावर चढणार आहे? उत्तर असेल तर पुरं करावं. ते उत्तर "माझ्या" असं असलं तरी चालतं, हे मुद्दाम सांगते. उत्तर नसेल तर खुशाल उसवावं. उसवलेल्या लोकरीची सैल लडी करून कोमट पाण्यातून काढायची आणि टांगून वाळवायची, मोड बऱ्याच निघतात. शिकणाऱ्या एखाद्या मुलीला ती द्यावी. पुरं न करण्यात कमीपणा काही नाही.

आणि घरातल्या मुलांना एक विनंती. आईच्या त्या पिशवीवर विनोद करण्याआधी तिला विचारा, हे काम कधी थांबलं होतं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं? बहुतेक आयांना ते तारखेसकट आठवत असेल.