तिथी चुकली नाही



घरभेटीच्या निमित्ताने आम्ही गावोगावी जातो, तेव्हा निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न आमच्यापुढे ठेवला जातो. कोणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कोणाची कूस उजवत नाही, कोणाचा कर्ता मुलगा दारूपायी घरदार विसरला आहे, तर कोणाच्या विहिरीस इतकी खोदाई करूनही पाणी लागत नाही. नोवेना झाल्या, जपमाळा झाल्या, मिस्सा सांगून झाल्या. मग देव ऐकणार तरी केव्हा? हा प्रश्न अश्रद्ध माणसाचा नव्हे. ज्याचा देवावर भरवसाच नाही, तो देवाला जाब विचारीत नाही. म्हणून धीर धरा, एवढे दोन शब्द सांगून अशा माणसाला वाटेला लावणे आम्हांस उचित वाटत नाही.

धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे पाहिले पाहिजे. आपला पिता आब्राहाम याचे उदाहरण घ्या. देवाने त्याला हाक दिली तेव्हा त्याचे वय ७५ वर्षांचे होते. इसहाक पाळण्यात पडला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या पंचवीस वर्षांत नवराबायकोचा धीर सुटला आणि त्यांनी हागार दासीच्या द्वारे आपलीच एक वाट काढली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या उतावळेपणाचे फळ म्हणून त्या घरात हेवा शिरला आणि एका निरपराध आईला व तिच्या लेकराला रानात अश्रू ढाळावे लागले. पुढे पुत्राचे वचन पुरे झाले. परंतु देशाचे वचन? सारा वारली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जागा आब्राहामाच्या मालकीची नव्हती. ४०० शेकेल रुपे तोलून त्याने मखपेलाचे शेत व तेथील गुहा विकत घेतली. वचन सबंध देशाचे आणि हाती आली ती थडग्याची जागा! तरीही तो माघारी फिरला नाही.

आब्राहामाचा काळ फार दूरचा, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याशी नाते असलेली एक अलीकडची हकिकत सांगतो. जपानातील नागासाकी शहराचे नाव १९४५ सालच्या अणुबाँबमुळे सर्वांस ठाऊक झाले. परंतु ख्रिस्तसभेला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ज्यांचे शरीर गोव्यात जतन करून ठेवले आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी तेथे श्रद्धेचे बी पेरले. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या एका टेकडीवर २६ ख्रिस्ती जनांना क्रुसावर देण्यात आले. त्यांत आपल्या वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर संत गोन्सालो गार्सिया हे होते.

१६१४ साली जपानच्या सत्ताधीशांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले. जे लपून राहिले त्यांना पकडून मारले. ज्याच्यावर संशय येई त्याला ख्रिस्ताच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय देण्यास लावीत. १६४४ साली शेवटच्या जपानी धर्मगुरूंनीही प्राण अर्पण केला. त्यानंतर त्या देशात ना मिस्सा राहिली, ना प्रायश्चित्त संस्कार, ना ख्रिस्तशरीर.

मागे उरली ती शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची खेडी. बास्तियान नावाच्या एका धर्मशिक्षकाने सांगून ठेवले होते, अशी परंपरा त्यांच्यात चालत आली, की सात पिढ्यांनंतर पापांगीकार ऐकणारे धर्मगुरू पुन्हा येतील. सात पिढ्या! याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या आजीने नातवाचा हात धरून त्याला क्रुसाची खूण शिकवली, तिला पक्के माहीत होते की आपण धर्मगुरू पाहणार नाही, हा नातूही पाहणार नाही आणि त्याचा नातूही कदाचित पाहणार नाही. तरी तिने शिकवली.

या लोकांनी वाट पाहिली ती हात जोडून नुसते बसून नव्हे. त्यांनी कामे वाटून घेतली. गावातील एकजण तिथीवार सांभाळी. नाताळ केव्हा, उपवासकाल केव्हा सुरू होतो, हे तो मोजून ठेवी. दुसरा बाळांना स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. प्रार्थनांतील लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांचा अर्थ पुढे पुसट झाला, तरी आईच्या तोंडून मुलाच्या तोंडी ते शब्द जात राहिले. पापांगीकार ऐकायला कोणी नव्हते, म्हणून पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना त्यांनी जिवापाड जपली.

पुढे जपानची दारे परदेशीयांस उघडली आणि नागासाकीच्या औरा भागात फ्रेंच धर्मगुरूंनी एक चर्च उभारले. ते त्या २६ हुतात्म्यांस वाहिलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी खेड्यातील काही माणसे त्याच्या दाराशी आली. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण आणि आपले अंतःकरण एकच आहे. मग तिने विचारले, की सांता मारियाची मूर्ती कोठे आहे? मातेच्या हाती बाळ येशू पाहून ती माणसे नाताळविषयी बोलू लागली आणि सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, असेही त्यांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे तो दिवस उपवासकालाचा सतरावा होता. सव्वादोनशे वर्षे धर्मगुरू नसताना त्या खेड्याने उपवासकाल चुकू दिला नव्हता. आणि हे घडले ते वसईच्या सुपुत्राचाही मान असलेल्या त्या चर्चमध्ये!

येथे कहाणी गोड शेवटाने संपत नाही. बंदी अजून उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरांतून काढून दूरदूरच्या प्रांतांत पाठवण्यात आले आणि त्यांतील सहाशेंहून अधिक तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरवले गेले. परत आलेल्या त्या दरिद्री लोकांनी १८८० साली गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. प्रतिमेवर पाय ठेवण्याची सक्ती त्यांच्यावर तेथेच केली जात असे. तेथे त्यांनी प्रार्थनेचे घर केले.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही, की आपली इच्छा आणि देवाचे वचन या दोन वस्तू एक नव्हेत. उसाला अमुक भाव मिळेल किंवा मुलाला आखातात नोकरी लागेल, असे वचन देवाने कोणालाही दिलेले नाही. या गोष्टी जरूर मागाव्यात; पिता आहे, त्याच्याजवळ मागायचे नाही तर कोणाजवळ? परंतु मी तुझ्यासोबत राहीन, तुझ्या पापांची क्षमा करीन, मरणापलीकडे तुला जीवन देईन, हे त्याचे वचन आहे आणि यांतील एकही तो मोडणार नाही.

दुसरी गोष्ट, वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे. आजाऱ्याला डॉक्टरांकडे न्यावे, व्यसनी मुलाला उपचारास न्यावे, कर्जाची गोष्ट बँकेत जाऊन उघडपणे बोलावी. परंतु धीर सुटला म्हणून भगताच्या दारी जाणे, ही हागारची वाट होय. तिने घरात सुख येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. काही वचने आपल्या हयातीत पुरी झालेली आपण पाहणार नाही. आपल्या वाट्याला कदाचित मधली पिढी आली असेल. मधल्या पिढीला ना आरंभाचा उत्साह, ना शेवटचा आनंद. परंतु तिने एक तिथी जरी चुकवली असती, तर औराच्या दाराशी कोणीच आले नसते.

म्हणून ज्या घरात आज दुःख आहे, त्या घरास आमची एवढीच विनंती आहे. आज संध्याकाळी दिवा लावा आणि सगळ्यांनी मिळून जपमाळ करा. मन लागले नाही तरी करा. लहान मूल पेंगत असले तर त्याला मांडीवर घेऊन करा. ज्याने घर सोडले आहे, त्याचे नाव घेऊन करा. घटका केव्हा भरेल हे देवाकडे आहे. तिथी सांभाळणे तेवढे आपल्याकडे.

प्रभू तुम्हां सर्वांस धीर देवो.