मिक्सरचा दोष नव्हता

आईचा मिक्सर एकवीस वर्षांचा आहे. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने नारळाचं वाटण लावलं आणि मीटरजवळच्या पेटीतून ‘खट्’ आवाज आला. पंखा, फ्रीज, देवापुढचा बारीक दिवा, सगळं एकदम गप्प. शेजारी मात्र उजेड होता. खटका वर केला, वीज आली. मिक्सर लावला, पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी आईने भांडं उतरवलं आणि पाटा काढला.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आहे. पावसाळ्यात वीज जाण्याचं आम्हाला नवल नाही. फांदी तारांवर पडते, कधी डीपीवरच काही होतं. पण ती वीज सगळ्यांची जाते. ही फक्त आमची जात होती, आणि दर वेळी मिक्सरपाशी. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मिक्सर दुरुस्तीला दिला. दुकानदाराने उघडून, तपासून दोन दिवसांनी परत पाठवला: यात काही नाही. त्याच संध्याकाळी मी इस्त्री लावली आणि खटका पडला.

इथे एक गोष्ट मला तेव्हाच माहीत असायला हवी होती. पेटीत पडणारे खटके दोन जातींचे असतात. एमसीबी वायरीची राखण करतो. वायरीतून तिला झेपेल त्याहून जास्त करंट सतत जायला लागला, की त्यातली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. हे व्हायला काही मिनिटंही लागतात. शॉर्ट सर्किट झालं तर त्यातली कॉइल तत्क्षणी तोडते. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याच ओळीवर हजार वॉटची इस्त्री आणखी सव्वाचार. सोळाच्या एमसीबीवर तिसरं काही जड लावलं की तो पडू शकतो. त्यात बिघाड काही नाही. अशा वेळी सोळाचा काढून बत्तीसचा टाकणारे लोक मी पाहिले आहेत. भिंतीतली वायर तीच राहते आणि मग खटक्याऐवजी ती तापते.

आमचा पडत होता तो दुसरा, रुंद, ‘टी’ लिहिलेलं बारीक बटण असलेला. सगळे त्याला ईएलसीबी म्हणतात, हल्ली बसवतात तो खरं तर आरसीसीबी. हा माणसाची राखण करतो. घरात येणारी फेज आणि परत जाणारी न्यूट्रल, दोन्ही त्याच्या पोटातल्या एका कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत यायला हवा. कमी आला, तर तो दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला. ती वाट ओली भिंत असेल, गीझरची टाकी असेल, किंवा कुणाचं तरी अंग. घरांतला आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. सात वॉटचा एलईडी दिवा साधारण एवढाच करंट घेतो. तेवढी तूट आली की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात त्याने वीज तोडायची असते.

एवढ्याशा करंटने काय होतं? कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली जिवंत तार माणसाला कितीपर्यंत सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर भरली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे मूठ आवळलेलीच राहते. दर पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरून कुणीतरी गेल्याची बातमी येते. त्यात बरेचदा सोडवायला धावलेलं माणूसही जातं. त्या बातम्या वाचताना मला ती आवळलेली मूठ दिसते.

पहिला वायरमन आला तेव्हा धो धो पाऊस होता. त्याने पेटी पाहिली, दोनदा खटका वर-खाली केला आणि म्हणाला, “पावसात ईएलसीबी नाजूक होतात ताई. डायरेक्ट करून देतो, परत त्रास नाही.” म्हणजे आरसीसीबी वगळून वायर सरळ जोडून टाकायची. दहा मिनिटांचं काम. आई हो म्हणायच्या बेतात होती, तिला मोदकांच्या सारणाची काळजी. मी नको म्हटलं. मला विजेतलं फार कळत होतं असं नाही. पण इतके दिवस एखादी वस्तू काहीतरी सांगते आहे आणि आपण तिचं तोंड बंद करतो आहोत, हे मनाला पटेना.

मग मी स्वतः शोधलं. घरच्या माणसाने करावं आणि तिथेच थांबावं असं एवढंच काम आहे: सगळे प्लग काढायचे, सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याच्यावर पडेल, ती ओळ. बऱ्याच घरांत यानेच चोर सापडतो, आणि तो बहुतेक वेळा गीझर नाहीतर बाहेरचा दिवा असतो. आमच्याकडे सगळे एमसीबी वर गेले तरी काही झालं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर लावला, खट्. माझ्या दृष्टीने स्वयंपाकघर दोषी ठरलं. पण रात्री अडीचला, घरात दिवासुद्धा लागलेला नसताना, तो आपला आपण पडला. तेव्हा मात्र मी हात टेकले.

दुसरे वायरमनकाका साठीच्या पुढचे. शेजारच्या तालुक्यातून स्कूटरवर आले, रेनकोट पडवीत टांगला, चहा घेतला. पेटीला हात लावायच्या आधी त्यांनी दोन प्रश्न विचारले. कधीपासून? आणि या पावसाळ्याच्या आधी घरात कुणी भिंतीला खिळा, स्क्रू काही मारला का?

मे महिन्याच्या शेवटी भावाने पडवीला झडीसाठी ताडपत्री लावली होती. दर वर्षी दोरीने बांधतो. यंदा पक्की राहावी म्हणून ड्रिल करून स्क्रू मारले. पण मी म्हटलं, पडवीचा एमसीबी तर मी खाली करून पाहिला होता, तरी पडत होता.

“एमसीबी फक्त फेज तोडतो,” काका म्हणाले. “न्यूट्रल तशीच राहते.”

या एका वाक्यात आमचे हे सगळे दिवस होते. कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकली असेल, तर घरात कुठेही मोठा लोड लागला की परतीच्या करंटचा थोडा वाटा त्या चोरवाटेने जमिनीत जातो. कड्यातला हिशेब चुकतो. दिव्या-पंख्यांचा लोड थोडा, म्हणून तेवढ्याने काही होत नाही; मिक्सर किंवा इस्त्री लागली की तूट तिसाच्या आसपास जाते. बिघाड पडवीत आणि खटका पडतो स्वयंपाकघरातल्या यंत्रावर. रात्रीचंही कोडं सुटलं. एकाच लाइनवरच्या घरांची न्यूट्रल एकच असते, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरातल्या लोडनेही आमची न्यूट्रल थोडी हलते आणि आमचा खटका पडतो.

काकांनी मेन बंद केला, प्लग काढवले, पेटी उघडली आणि न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवून मेगरने अर्थिंगशी मोजली. मेगर पाचशे व्होल्ट देऊन वायरीचं आवरण शाबूत आहे का ते पाहतो. एक मेगओहमच्या वर आलं तर ठीक. चार वायरी छान होत्या. पाचवी जवळजवळ शून्य. ती पडवीची.

पडवीत स्विचबोर्डाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, ताडपत्रीचा स्क्रू होता. बोर्डाची पाइप भिंतीतून नेहमी सरळ वर नाहीतर सरळ आडवी जाते, म्हणून त्या रेषेत कधी ड्रिल लावू नये, काका सांगत होते. स्क्रू काढला तर टोकाला गंज. त्याने पाइप भेदून न्यूट्रलचं आवरण कापलं होतं आणि अर्थिंगच्या वायरीला तो चाटून होता. जून-जुलै निभावलं. मग स्क्रूच्या कडेने पाणी आत झिरपत गेलं आणि दोघी ओल्या झाल्या. काका स्क्रू बोटांत फिरवत म्हणाले, अर्धा सूत इकडे असता तर फेजला लागला असता.

ताडपत्रीची कडा लोखंडी पट्टीत धरलेली आहे. आई रोज त्याच पट्टीला ओली छत्री अडकवते.

पाइपचा तुकडा बदलला, वायरी नव्या ओढल्या, मेगर पुन्हा लावला. काकांनी आईला पेटीपाशी बोलावून ‘टी’चं बटण दाबायला लावलं. खटका पडला. महिन्यातून एकदा हे दाबायचं, काकी, पडला नाही तर मला फोन करायचा. आईने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर एक तारखेला पेन्सिलीने ‘टी’ लिहिलं आहे.

संध्याकाळी वाटणाचा आवाज ऐकून शेजारच्या वहिनी आल्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, आमचाही असाच पडायचा, तीन वर्षांपूर्वी एकाने डायरेक्ट करून दिला, तेव्हापासून त्रास नाही. त्यांच्याकडे दोन लहान मुलं आहेत आणि न्हाणीत जुना गीझर. मी काकांना तेव्हाच फोन लावला. ते बुधवारी येणार आहेत, तोवर वहिनींनी गीझर बंद ठेवून चुलीवर पाणी तापवायचं कबूल केलं आहे.