परदेशातली डिग्री घेऊन पोरगं परत आलं, तर इथला मालक ती कशी तोलतो?

कोल्हापूर : चौकात डिजिटल बोर्ड लागतो. पोराचा गॉगल घातलेला फोटो, मागं विमान, खाली ‘उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना’. कागलपासून शाहूवाडीपर्यंत असे बोर्ड आता नवे राहिले नाहीत. दीड-दोन वर्षांनी तेच पोरगं परत येतं तेव्हा मात्र बोर्ड लागत नाही. तेव्हा घरात एकच विषय असतो, एवढा पैसा घातला, आता या डिग्रीला इथं कोण विचारणार?

हा विषय पुढं वाढणारच आहे. ब्रिटननं शिक्षण संपल्यावर थांबायला मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांसाठी दीड वर्षावर आणलाय. तिथं नोकरीचा स्किल्ड वर्कर व्हिसा पाहिजे असेल तर जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. म्हणजे ‘तिकडंच सेटल होईल’ हा हिशेब धरून गेलेल्यांपैकी बरेच जण माघारी येणार. आणि मग त्यांची डिग्री शिरोलीतला कारखानदार, पुण्यातली कंपनी नाहीतर सरकारी खातं बघणार.

आधी सरकारी नोकरीचं बघू. तिथं डिग्री चांगली का वाईट, हा प्रश्नच नंतर येतो. पहिला प्रश्न असतो, ती भारतात ग्राह्य आहे का? पूर्वी हे समकक्षतेचं पत्र भारतीय विद्यापीठ संघाकडून, म्हणजे एआययूकडून घ्यावं लागायचं. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीनं यासाठी स्वतःचे नियम काढले. संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त पाहिजे, प्रवेशाची पात्रता इथल्यासारखीच पाहिजे, आणि डिग्री फ्रँचायझी पद्धतीनं घेतलेली चालणार नाही. फ्रँचायझी म्हणजे काय, तर नाव मोठ्या विद्यापीठाचं आणि शिकवणार तिसऱ्याच गावातलं, नाहीतर तिसऱ्याच देशातलं, कुठलं तरी कॉलेज. यात बरीच पोरं फसतात, कारण जाहिरातीत लोगो मोठा असतो आणि कॉलेजचं नाव बारीक अक्षरात.

ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सचं घोंगडं असंच कित्येक वर्षं भिजत पडलं होतं. आपल्याकडं एमए, एमएस्सी दोन वर्षांची, त्यांची एका वर्षाची, म्हणून इथं ती बरोबरीची धरत नव्हते. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि हा अडसर निघाला. पण इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर या व्यावसायिक पदव्या त्या कराराच्या बाहेर आहेत. एजंट कराराचं नाव सांगतो, ही दुसरी ओळ सांगत नाही.

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त धोका आहे तो परदेशातल्या एमबीबीएसमध्ये. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स, आणि युद्धाआधी युक्रेन. इथं दवाखान्याचा मालक विद्यापीठाचं नाव वाचतच नाही. तो एकच विचारतो, ‘एफएमजीई सुटली का?’ परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची ही परीक्षा. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर पाहिजेत, वर्षातून दोनदा होते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक परीक्षांत पास होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसच्याही खाली राहिलंय. बाकीची पोरं पुन्हा बसतात, पुन्हा क्लास लावतात. तोवर नावापुढं डॉक्टर लागतं, पण इथं प्रॅक्टिस करता येत नाही.

शिवाय नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला पाहिजे. पुरा अभ्यास एकाच संस्थेत, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथंच, आणि परत आल्यावर आणखी १२ महिने इथं. ज्या देशात शिकला त्या देशात डॉक्टरकी करायचं लायसन्स मिळायला पात्र पाहिजे. यातली एक अट हुकली तरी सहा वर्षं पाण्यात. हे कागद फी भरायच्या आधी बघायचे असतात, आणि आपल्याकडं नेमके नंतर बघितले जातात.

आता खाजगी नोकरी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना जगातल्या विद्यापीठांची यादी पाठ नसते, असायची गरजही नाही. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्या विद्यापीठाची एमएस समोर आली की तो डिग्री बाजूला ठेवतो आणि कामाचं विचारतो. ड्रॉइंग वाचता येतं का? कास्टिंगचं रिजेक्शन कमी करायला काय करशील? तिथं शिकताना कुठल्या कंपनीत काम केलंस, किती महिने? यात पोरगं अडखळलं तर लंडन असो नाहीतर बर्लिन, पगार इथल्या इंजिनिअरइतकाच मिळतो. त्याचा हिशेब सरळ आहे. अनुभवाशिवाय आलेला माणूस त्याला सहा महिने शिकवावाच लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. इथले बरेच कारखाने माल बाहेर पाठवतात. जर्मन गिऱ्हाईकाशी त्याच्या भाषेत बोलणारा, तिकडचा क्वालिटीचा कागद समजून घेणारा माणूस त्यांना लगेच पाहिजे असतो. म्हणजे परदेशातल्या दोन वर्षांची किंमत होते, पण ती प्रमाणपत्राची नव्हे, तिथं शिकलेल्या भाषेची आणि केलेल्या कामाची. जे पोरगं दोन वर्षं मराठी-हिंदी पोरांच्याच खोलीत राहून, रात्री डिलिव्हरीचं काम करून पास झालं, त्याच्याकडं ही जमेची बाजू राहत नाही. त्यात त्याचा दोष फार नाही, डोक्यावर कर्ज असतं.

पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांचं वेगळंच. तिथं आधी टेस्ट, मग इंटरव्ह्यू, आणि निवड झाल्यावर ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’. बाहेरची एजन्सी थेट विद्यापीठाकडून खातरी करून घेते. ब्रिटनमध्ये तर डिग्री तपासायला एचईडीडी नावाची ऑनलाइन सेवाच आहे. खोटं, नाहीतर नुसतं वाढवून सांगितलेलं, इथं उघडं पडतं आणि कामावर रुजू झाल्यावरसुद्धा नोकरी जाते.

विद्यापीठांची जागतिक क्रमवारी मालक फारशी बघत नाही, सरकार मात्र बघतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. तिला क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मधलं विद्यापीठ लागतं. शाहू महाराजांचं नाव योग्यच आहे. १९२० साली माणगावच्या परिषदेला बाबासाहेब आले, त्याच वर्षी ते राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, त्यात महाराजांची मदत होती. त्याआधी १९१७ ला कोलंबिया विद्यापीठात शिकून ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले होते, तर जातीमुळं राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडून यावं लागलं. नोकरीत नुसती डिग्री बघितली जाते, असं तेव्हाही नव्हतं.

शिष्यवृत्ती मिळाली तर प्रश्नच वेगळा. पण बहुतेकांचा खर्च कर्जातून निघतो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात, आणि बऱ्याच बँका शेतजमीन घेत नाहीत, घर नाहीतर एनए प्लॉट लागतो. मग पतसंस्था, पाहुणे, नाहीतर रस्त्याकडंचा तुकडा विकायचा. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्याच निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे. विद्यापीठ ठरवायच्या आधी एजंटाच्या ऑफिसात जाऊ नका, ज्याच्याकडं परत येऊन नोकरी मागायची त्याच्या ऑफिसात जा. तुमच्या ओळखीत एमआयडीसीत कुणी तरी असतंच. त्याला कॉलेजचं आणि कोर्सचं नाव दाखवा आणि विचारा, ‘हे शिकून आला तर घ्याल का, किती पगारावर?’ एजंटाला कमिशन कॉलेजकडून मिळतं, त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

आणि जे आत्ता तिकडं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. ट्रान्सक्रिप्ट, विषयवार अभ्यासक्रम, इंटर्नशिपचं पत्र तिथून निघायच्या आधीच विद्यापीठाकडून घ्या. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी, आणि परदेशातल्या डिग्रीवर वडिलांचं नाव गायब, असला प्रकार आपल्याकडं कायम होतो. पडताळणी अडकते ती इथं. नावातला फरक तिथं असतानाच विद्यापीठाला सांगून दुरुस्त करता येतो का बघा, गावाकडून मेल करत बसलं की महिने जातात.