आधी दर्शन, मग चित्र

पावसाळा लागला की गोमंतकातील धबधब्यांकडे आणि तो सरला की किनाऱ्यांकडे प्रवाशांची रीघ लागते, यात नवल काही नाही. नवल आहे ते त्यांच्या पाहण्याच्या रीतीत. दूरवरून, पदरचे पैसे मोडून आलेला प्रवासी समुद्राकडे पाठ करतो आणि हातातल्या भ्रमणध्वनीकडे पाहून हसतो. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तयार झाली की त्याच्या लेखी त्या स्थळाचे प्रयोजन संपते. हा केवळ हौसेचा मामला असता तर त्यासाठी हे रकाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु या हौसेपायी माणसे प्राणास मुकत आहेत, गावकऱ्यांना आपल्याच दारात उभे राहणे अवघड झाले आहे आणि गोमंतक म्हणजे काय याविषयीची बाहेरच्यांची समजूत पाच-दहा ठराविक जागांपुरती आक्रसत चालली आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

छायाचित्रणाशी वा चलच्चित्रणाशी आमचे वैर नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. प्रवास आणि छायाचित्र यांचे नाते जुने आहे व त्या नात्याने या देशाचे हितच केले आहे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळांनी १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत बुंदेलखंडाचा दौरा केला, तेव्हा छायाचित्र काढणे म्हणजे अवजड यंत्र आणि काचेच्या तावदानांचे ओझे वागवणे होते. एकेक तावदान मोलाचे. म्हणून कोठे उभे राहावे, ऊन कोणत्या बाजूचे घ्यावे, याचा विचार आधी करावा लागे. त्या छायाचित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला आणि मध्य भारतातील वास्तूंच्या अभ्यासकांना तो आजही उपयोगी पडतो. पुढे हैदराबादच्या निजामाने दीनदयाळांना ‘राजा’ हा किताब दिला, तो त्यांच्या नजरेचा गौरव होता.

आणि ज्याच्यापाशी यंत्रच नव्हते त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचे ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पंचवीसएक वर्षांनी त्यांनी हे सारे स्मरणातून लिहून काढले आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून निघाला. पाव शतक मनात टिकून राहावे इतके नीट त्यांनी पाहिले होते. प्रवासाचे संचित पाहण्यात असते; यंत्र त्याला साह्य करते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

ही जागा घेण्याचा प्रकार गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला. जून २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील’ हा प्रकार आणला. आरंभी त्याची मर्यादा अवघी १५ सेकंदांची होती. ती पुढे वाढली, तरी मूळ धाटणी बदलली नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रेक्षक थांबला नाही तर चित्रफीत वाया जाते, आणि जी पाहिली जाते तीच आणखी लोकांपुढे ढकलली जाते. साहजिकच एकाने ज्या दगडावर उभे राहून वाहवा मिळवली, त्याच दगडावर दुसऱ्या दिवशी दहा जण उभे राहतात. शापोरा किल्ल्याचेच उदाहरण घ्या. संभाजी महाराजांच्या पोर्तुगीजांवरील मोहिमेशी या परिसराचे नाव निगडित आहे. परंतु किल्ल्यावर येणाऱ्या तरुणांना तो ठाऊक असतो तो २००१ च्या ‘दिल चाहता है’ या चित्रपटामुळे. तीन मित्र बसले होते ती भिंत गाठायची, तसेच बसायचे आणि उतरायचे. बार्देशातील पर्रा गावच्या माडांच्या रस्त्याचीही तीच गत झाली आहे.

ही चढाओढ जिवावर बेतते तेव्हा मात्र विनोद संपतो. जून २०१८ मध्ये बागा व सिकेरी येथे छायाचित्राच्या नादात दोन पर्यटक लाटांनी ओढून नेले. त्यानंतर किनाऱ्यावरील जीवरक्षक संस्थेने ‘येथे सेल्फी नको’ अशी २४ ठिकाणे निश्चित केली. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगावनजीकच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रफीत काढताना एक तरुणी खोल दरीत कोसळून मरण पावली. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर सरकारने धबधब्यांवर प्रवेशबंदी केली, तरीही दूधसागराकडे शेकडोंचा लोंढा रुळांवरून चालत निघाला; रेल्वे पोलिसांनी काहींना रुळांशेजारी उठाबशा काढावयास लावल्या. रुळांवरून जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. हे सारेच लोक चित्रफितीसाठी निघाले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु धबधब्यासमोरून जाणाऱ्या आगगाडीचे दृश्य घरोघरच्या पडद्यांवर फिरले नसते, तर एवढी झुंबड तेथे उडाली असती काय?

दुसरी झळ स्थानिकांना लागते, आणि तिची नोंद पोलीस ठाण्यातही होत नाही. पणजीच्या फोंताइन्हास भागातील रंगीत भिंतींची घरे ही नाटकाचे पडदे नव्हेत. तेथे माणसे राहतात, म्हातारी माणसे दुपारी विश्रांती घेतात. परक्याने येऊन उंबऱ्यावर बसावे, कपडे बदलून पुनःपुन्हा चित्रे काढावीत आणि घरच्यांनी खिडकी उघडली तर त्यांनाच बाजूस व्हायला सांगावे, हा कोणता शिष्टाचार? जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्यालाच सूचनापत्र काढून सांगावे लागले की, अनोळखी व्यक्तींची, विशेषतः ऊन खात पहुडलेल्यांची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून काढू नयेत. जी गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवायची ती शासनाला परिपत्रकातून शिकवावी लागली, यातच सर्व काही आले.

या व्यवहाराची दुसरी बाजू नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या लहानशा चित्रफितीमुळे आडगावच्या खानावळीला गिऱ्हाईक मिळते, घरगुती निवासाच्या खोल्या भरतात, जाहिरातीस पैसा नसलेल्याची जाहिरात होते. पर्यटन खाते स्वतःही अशाच चित्रफितींतून राज्याचा प्रचार करते. म्हणूनच गर्दीचा दोष एकट्या प्रवाशाच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही. आवतण द्यायचे आणि पंगतीची व्यवस्था यजमानाने पाहायची नाही, असे चालत नसते. २०२० मध्ये पर्राच्या पंचायतीने छायाचित्रणावर स्वच्छतेच्या नावे कर लावला, तेव्हा देशभर ओरड झाली व तो मागे घ्यावा लागला. कर चुकीचा असेल, पण त्यामागची तक्रार खरी होती. तिला उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आमच्या मते ते उत्तर फारसे कठीण नाही. चित्रपटांच्या चित्रीकरणास परवानगी घेण्याची पद्धत राज्यात आहेच. धंद्यासाठी चित्रफिती काढणाऱ्यांनाही सोपी, पावती देणारी आणि ठरावीक वेळेची परवानगी सक्तीची करावी व त्यातील वाटा त्या त्या पंचायतीस द्यावा. धोक्याच्या जागी नुसता फलक लावून भागत नाही. गर्दीच्या दिवसांत तेथे माणूस उभा हवा. सामान्य प्रवाशाकडून अपेक्षा याहून साधी आहे. दुसऱ्याचे दार, देऊळ, चर्च वा चेहरा टिपण्यापूर्वी विचारावे. आणि यंत्र काढण्यापूर्वी घटकाभर डोळ्यांनी पाहावे. असे पाहिलेल्याची चित्रफीतही अधिक चांगली उतरते, हे कोणताही जुना छायाचित्रकार सांगेल.

मात्र सर्वांत मोठे काम आपल्याच मुलांचे आहे. माशेलचा चिखलकाला, दिवाडीचा बोंडेरा, शिमग्याचे मांड, खाजन शेतीतील मानशीची उघडझाप करणारे हात यांची चित्रे बाहेरच्याने धावत्या भेटीत काढावीत आणि आपण ती पाहावीत, हे लाजिरवाणे आहे. त्या माणसांची नावे, त्या कामाची रीत आणि त्यामागचे कारण गावातल्या मुलालाच ठाऊक असते. यंत्र आज त्याच्याही खिशात आहे. आजोबांना चार प्रश्न विचारून त्याने ते उघडले, तर त्या अर्ध्या मिनिटात जे साठेल ते पन्नास वर्षांनीही कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गोमंतकाचे चित्र कोणी काढायचे याचा निर्णय आपण घेतला नाही, तर तो दुसरे घेतील, आणि त्या चित्रात आपल्याला जागा असेलच अशी खात्री कोणी द्यावी?