बळाचे ऋण

व्यायामाने कमावलेले बळ कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न केल्यास तालमीत जाणारा विद्यार्थी चटकन उत्तर देईल, ‘ज्याने घाम गाळला त्याच्या.’ हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

कै. खाशाबा जाधव यांचेच उदाहरण घ्या. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांस जावयास निघाला, तेव्हा खर्चास पुरेसा पैसा नव्हता. गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या सन्मानानंतर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. खाशाबांनी मात्र कोल्हापुरात कुस्त्या भरविल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडविले. आमच्या मते त्या कुस्त्यांची योग्यता पदकाहून तिळभरही कमी नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या दंडातील बळामागे असेच कोणाचे तरी देणे असते. शेतकऱ्याची ज्वारी, आईच्या हातची भाकरी, वस्तादांची शिकवण, ही सारी त्यात आली. म्हणून व्यायामाच्या सामन्यातून परोपकारार्थ निधी उभारण्याची जी चाल हल्ली रूढ होत आहे, तिचे आम्ही स्वागत करितो. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉन शर्यतीत अनेक धावपटू आप्तेष्टांकडून देणग्या मिळवून त्या सेवाभावी संस्थांस देतात. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगाने गेला होता. त्याने १९८० साली कृत्रिम पाय लावून १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडले, ते त्या रोगाच्या संशोधनास पैसा मिळावा म्हणून. रोग पुन्हा बळावल्याने त्याची धाव अर्ध्यावर थांबली व पुढील वर्षी त्याचे निधन झाले. परंतु त्याच्या नावाने आजही देशोदेशी लोक धावतात.

यावर कोणी म्हणेल, ‘दान करावयाचे तर मुकाट्याने पैसे द्यावेत, शर्यतीचा खटाटोप कशास?’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु विद्यार्थ्याजवळ स्वतःचा पैसा कोठून असणार? वडिलांच्या खिशातील रुपया दिला, तर ते दान वडिलांचे झाले. पहाटे उठून केलेले कष्ट तेवढे त्याचे स्वतःचे. शिवाय एरवी तालमीतील मित्र एकमेकांशी बळाची बरोबरी करीत असतात. संघ करून उतरले म्हणजे दुबळ्या गड्याच्या बैठकाही निधीत जमा होतात, आणि बलवानास त्याच्यासाठी थांबावयास शिकावे लागते.

तेव्हा परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील तालमींतील व जिममधील मित्रांनी चौघाचौघांचे संघ करावेत. दर दहा बैठकांस एक रुपया, असे आप्तांकडून कबूल करवून घ्यावे व जमलेली रक्कम एखाद्या गरजू सोबत्याच्या पुस्तकांस किंवा रुग्णाच्या औषधास द्यावी.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. ढाली, सदरे व छायाचित्रे यांच्या खर्चाने निधी खाऊन टाकू नये; पैन् पैचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लागावा. ज्यास मदत द्यावयाची, त्यास व्यासपीठावर उभे करू नये. किंबहुना त्याचे नावही उच्चारू नये. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो, हे ध्यानात ठेवून सामने हिवाळ्यातील सकाळीच घ्यावेत. प्रकृतीस न झेपेल असा हट्ट कोणी करू नये.

पालकांसही एक विनंती आहे. आपला मुलगा कबूल केलेली रक्कम मागावयास येईल, तेव्हा कौतुकाने रक्कम वाढवून देऊ नका. त्याने शंभर बैठका काढल्या असतील, तर शंभरांचेच पैसे मोजून त्याच्या हाती ठेवा. ते दहाच रुपये होतील. परंतु ते त्याचे स्वतःचे असतील.