संगणकांतील चिमुकली बॅटरी
डोंबिवलीच्या आमच्या घरीं रात्रीं भिंतीवरील कळ बंद केली, कीं सकाळीं संगणक दहा वर्षांपूर्वींची तारीख दाखवूं लागे. घरांत पंचांग असून उपयोग काय! तारीख न जुळल्यानें बँकेचें पानही उघडेना. दोष आंतील नाण्याएवढ्या बॅटरीचा: 'सीआर २०३२', व्यास २० मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. वायर काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसविली. काम पांच मिनिटांचें. जुनी मात्र मेजावरच राहिली, आणि आमची तीन वर्षांची नात तिच्याकडे सरसावली. अशी बॅटरी, संपलेली असली तरीही, घशांत अडकल्यास दोन तासांत अन्ननलिका जाळूं शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी न काढवितां तडक रुग्णालय गांठावें. आमची जुनी बॅटरी आतां चिकटपट्टी गुंडाळून उंच फळीवर ठेविली आहे.